आधी रिपोर्ट लेबर रूमपर्यंत पोचू दे, सक्तीचं नंतर बघू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की गरोदर बायकांची 'ग्रुप बी स्ट्रेप'ची तपासणी सरकारने सक्तीची करावी, अमेरिकेत करतात मग आपल्याकडे का नाही. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं, बहुतेक त्यांच्या नात्यातच काही घडलंय असं वाचताना वाटलं, आणि तसं असेल तर खरंच वाईट वाटतं. पण मी एका जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते, म्हणजे हे स्वॅब आमच्याच टेबलावर येतात, त्यातले जंतू वाढवलेल्या प्लेटा आम्हीच वाचतो, आणि रिपोर्ट गेल्यावर पुढे त्याचं काय होतं तेही थोडंफार कानावर येत असतं. म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कापा, पण मधला औषधांचा भाग तेवढा कापू नका.

आधी एक खुलासा, कारण काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'जीबीएस' असं लिहिलेलं असतं आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, धायरी, किरकटवाडी त्या पट्ट्यात जीबीएसचे पेशंट निघाले होते ते सगळ्यांच्या डोक्यात अजून बसलंय. तो गिलेन बारे सिंड्रोम, त्यात हातापायातली ताकद जाते, तो पूर्ण वेगळा आजार, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हा एक जंतू आहे, स्ट्रेप्टोकोकस घराण्यातला, बी गटातला. मी पुढे नुसतं ग्रुप बी म्हणते म्हणजे घोळ नको.

तर हा ग्रुप बी मुळात आतड्यात राहणारा. तिथून योनीमार्गात येतो, काही आठवडे राहतो, जातो, परत येतो. बाईला ताप नाही, खाज नाही, दुखणं नाही, काहीच नाही. जगभरचे आकडे बघितले तर शंभरातल्या साधारण १८ गरोदर बायकांमध्ये तो सापडतो, आपल्या दक्षिण आशियात जरा कमी, १२-१३. म्हणजे एखाद्या गल्लीत आठ जणी गरोदर असतील तर एकीच्या अंगात हा असू शकतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. हा काही आजार नव्हे, जंतू नुसता मुक्कामाला असतो. पण रिपोर्टवर जंतूचं लांबलचक नाव आणि खाली अँटिबायोटिकची यादी दिसली की घरातल्यांचे चेहरे बघवत नाहीत. एक सासूबाई सुनेचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, बाकीची माणसं जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि मग हळूच विचारलं, ताई हे बाहेरून आलेलं असतं का हो? आता संशय मुलावर होता का सुनेवर ते मी काही विचारलं नाही. म्हटलं काकू, हे तुमच्याही पोटात असेल, माझ्याही असेल, हा गुप्तरोग नाही, अस्वच्छतेनेही होत नाही, आणि तुमच्या मुलाला गोळ्या द्यायचीही गरज नाही. तेव्हा कुठे त्या चहा घेते म्हणाल्या. हे बोलणं ओपीडीत व्हायला पाहिजे, पण तिथे बाहेर तीस जणी बसलेल्या असतात, डॉक्टर तरी काय करणार.

मग भीती कसली, तर बाळाची. आणि ती किती बाळगायची याचा हिशोब त्या पत्रात नव्हता म्हणून इथे मांडते. हजार गरोदर बायका घ्या, त्यातल्या सव्वाशे जणींकडे ग्रुप बी आहे असं धरा. काहीच उपाय केला नाही तर त्यांच्यातल्या निम्म्या बाळांच्या अंगावर बाळंतपणात तो येतो, म्हणजे साठेक बाळं. त्या साठांतलं एखादं पहिल्या आठवड्यात आजारी पडतं, शेकडा एक ते दोन असं हे प्रमाण आहे. बाकीची मजेत दूध पितात, झोपतात, त्यांना काही होत नाही. पण ते एक जे आजारी पडतं ते बघता बघता पडतं, सकाळी ठीक असलेलं बाळ संध्याकाळी काचेच्या पेटीत, रक्तात जंतू, न्यूमोनिया, कधी मेंदूज्वर, वाचलं तरी काहींना फिट येणं, ऐकू न येणं असं काहीतरी मागे राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अंदाज दिला होता की पोटात दगावलेली आणि जन्मल्यावर दगावलेली मिळून या एका जंतूने वर्षाला सुमारे दीड लाख बाळं जातात. तेव्हा दुर्लक्ष करावं असं मी मुळीच म्हणत नाहीये.

अमेरिकेचं उदाहरण पत्रात होतं, ते बरोबरच आहे पण अर्धंच आहे. रिबेका लान्सफील्ड बाईंनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये या जंतूंचे ए बी सी असे गट पाडले, तेव्हा हा बी वाला गायींच्या कासेच्या आजारातला म्हणूनच जास्त माहीत होता. १९३८ मध्ये लंडनला बाळंतपणानंतर दगावलेल्या तीन बायकांमध्ये तो सापडल्याची नोंद झाली. नवजात बाळांचा मोठा शत्रू म्हणून तो पुढे आला १९७० च्या दशकात, अमेरिकेत. मग १९८६ मध्ये शिकागोच्या बॉयर आणि गॉटॉफ या डॉक्टरांनी दाखवलं की ज्या आईकडे जंतू आहे तिला कळा सुरू असताना शिरेतून अँपिसिलीन दिलं तर बाळापर्यंत जंतू पोचणं आणि बाळ आजारी पडणं दोन्ही कमी होतं. १९९६ मध्ये तिथे पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली, २००२ पासून सगळ्याच गरोदर बायकांची तपासणी, आणि नव्वदच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे १.८ असलेलं बाळं आजारी पडायचं प्रमाण २०१५ पर्यंत ०.२३ वर आलं. एवढी घट फार कमी गोष्टींत बघायला मिळते. पण त्याच वेळी ब्रिटनने सरसकट तपासणी लावली नाही, ते लोक धोका बघून औषध देतात, म्हणजे दिवस पूर्ण भरायच्या आधी कळा आल्या, ताप आहे, आधीचं बाळ यानेच आजारी पडलं होतं, लघवीत हा जंतू सापडला होता, असं काही असेल तर. दोन्ही श्रीमंत देश, दोन्हीकडे शिकलेले डॉक्टर, तरी वाट वेगळी. म्हणजे अमेरिका करते म्हणून आपणही करू एवढ्यावर काम भागत नाही.

आता औषधांचा भाग, ज्याच्यासाठी मुळात हे पत्र आहे. आमच्याकडे जे स्वॅब येतात त्यातले कितीतरी पाचव्या-सहाव्या-सातव्या महिन्यातले असतात, अंगावर पांढरं जातंय म्हणून पाठवलेले. त्यात ग्रुप बी उगवतो. आपण रिपोर्ट देतो, आणि मग त्या बाईला पाच-सात दिवसांचा गोळ्यांचा कोर्स लिहून दिला जातो, कोर्स संपला की परत स्वॅब, निगेटिव्ह आला की सगळे खूश, फाईल बंद. आणि ही खुशी फसवी आहे. गोळ्यांनी जंतू दबतो, पण आतड्यातला साठा तसाच असतो, तो तिथून परत येतो आणि बाळंतपणाच्या दिवशी जागेवर हजर असतो. आषाढात अंगणातलं गवत काढायचं आणि दिवाळीला अंगण स्वच्छ असेल असं धरून चालायचं, तसलाच प्रकार. म्हणून नुसत्या स्वॅबमध्ये सापडला, त्रास काही नाही, तर गरोदरपणात गोळ्या द्यायच्याच नसतात. औषध द्यायचं ते कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर, शिरेतून, पेनिसिलीन किंवा अँपिसिलीन, आणि डिलिव्हरी होईपर्यंत दर चार तासांनी. बाळ बाहेर यायच्या आधी निदान चार तास औषध अंगात गेलेलं असलं तर सगळ्यात चांगलं, कारण ते नाळेतून बाळाच्या रक्तात आणि पोटातल्या पाण्यात उतरायला वेळ लागतो. उशीर झाला तरी द्यायचं, काहीच न देण्यापेक्षा बरं. आणि कळा सुरू व्हायच्या आणि पाणी जायच्या आधीच ठरवून सिझर असेल तर या जंतूसाठी हे औषध लागतच नाही.

याला एक अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, ग्रुप बी भरपूर आला तर तेव्हा उपचार करायचा आणि शिवाय कळांच्या वेळी इंजेक्शनही द्यायचं, मग पुन्हा स्वॅब घ्यायची गरज नाही, कारण लघवीत आला म्हणजे मुक्काम मोठा आहे. हे दोन वेगवेगळे नियम आहेत आणि त्यांची सतत सरमिसळ होते. मी डॉक्टर नाही, औषध लिहून देणं माझं काम नाही, पण हे काही माझ्या मनचं नाही, प्रसूतीशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि चांगले डॉक्टर तसंच करतात. अडचण होते ती जिथे कुणीतरी घाईत नुसता रिपोर्टचा कागद बघून कोर्स लिहून देतं तिथे, किंवा बाई स्वतःच रिपोर्ट घेऊन मेडिकलवाल्याकडे जाते तिथे. समाधानाची गोष्ट म्हणजे हा जंतू पेनिसिलीनला अजून मान देतो, इतक्या वर्षांत एवढं जुनं औषध चालू राहिलेले जंतू फार थोडे. एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन मात्र बऱ्याच ठिकाणी फेल जायला लागलीत, त्यामुळे जिला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे तिने ते स्वॅबच्या फॉर्मवरच लिहावं, म्हणजे आम्ही पर्यायी औषधांची चाचणी नीट लावतो. डिलिव्हरीच्या रात्री ते सांगून काही उपयोग होत नाही.

स्वॅब कधी आणि कसा घ्यायचा यातही घोटाळे आहेत. तपासणीची वेळ म्हणजे ३६ वा ३७ वा आठवडा, नववा लागल्यावर. रिपोर्ट पाचेक आठवडे धरतात, त्यापुढे परिस्थिती बदललेली असू शकते. म्हणून सहाव्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट बाळंतपणाला कामाचा नाही. आणि स्वॅब योनीच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून असा दोन्हीकडून घ्यायचा असतो. आमच्याकडे येतात बहुतेक सगळे योनीच्या वरच्या भागातले, स्पेक्युलम म्हणजे तपासणीचा चिमटा लावून घेतलेले, त्यात हा जंतू सुटू शकतो. गुदद्वाराचं नाव काढलं की बायका संकोचतात, सिस्टरपण टाळतात. खरं तर नीट समजावून सांगितलं तर बाई स्वतःचा स्वॅब स्वतः बाथरूममध्ये जाऊन घेऊ शकते, परदेशात घेतात. आणि लॅबवाल्यांचंही सांगते, आपली बाजू लपवून कशाला ठेवू. हा स्वॅब थेट प्लेटवर फिरवून भागत नाही, आधी खास पोषक द्रावणात रात्रभर इन्क्युबेटरला ठेवायचा, मग ब्लड अगरवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या प्लेटवर लावायचा, मग दुसऱ्या दिवशी त्या बारीक करड्या वसाहती शोधायच्या, त्यांच्याभोवती रक्त विरघळल्याचं अरुंद कडं असतं ते उजेडात धरून बघायचं आणि कॅम्प टेस्ट नावाच्या आणखी एका चाचणीने खात्री करायची. दोन-तीन दिवसांचं काम आहे. ते द्रावण न वापरता केलेली टेस्ट स्वस्त पडते आणि बऱ्याच पॉझिटिव्ह बायका निगेटिव्ह दाखवते. आता उद्या सक्ती झाली तर तालुक्या-तालुक्याला कुठली टेस्ट होणार ते तुम्हीच ओळखा.

समजा वेळ बरोबर, स्वॅब बरोबर, टेस्ट बरोबर, रिपोर्ट पॉझिटिव्ह. आता तो रिपोर्ट जातो कुठे? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी नोकरीला पुण्यात नाहीतर पनवेलला, सगळी तपासणी तिकडे, आणि शेवटच्या दिवसांत ओटी भरून येते लातूरला, सांगोल्याला, चाळीसगावला. फाईल बॅगेत असते, बॅग माळ्यावर असते, कळा सुरू होतात रात्री अडीचला. ड्युटीवर वेगळीच सिस्टर, वेगळाच डॉक्टर, ते बीपी बघतील, हिमोग्लोबिन बघतील, एचआयव्हीचा रिपोर्ट मागतील, या जंतूचं कोण विचारणार आणि का विचारावं त्यांनी. एकदा रात्री आमच्या लॅबच्या मोबाईलवर एका नवऱ्याचा फोन आला होता, बायको माहेरी दवाखान्यात नेलीय, तिला कळा येतायत, तिच्या रिपोर्टमध्ये काहीतरी जंतू होता आणि डिलिव्हरीच्या वेळी सांगा असं आमच्या लॅबमधल्या ताईंनी बजावलं होतं तेवढं त्याला आठवत होतं, पण जंतूचं नाव आठवत नव्हतं आणि रिपोर्ट पुण्याच्या खोलीवर. आमच्या लॅबमधल्या मुलाने सिस्टीममधून रिपोर्ट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, त्याने तो तिथल्या डॉक्टरांना दाखवला, इंजेक्शन वेळेत सुरू झालं. बाळ छान आहे. पण हे त्या नवऱ्याच्या स्मरणशक्तीवर आणि मोबाईलच्या रेंजवर चाललं ना! ज्यांना आठवत नाही त्यांचं काय?

म्हणून माझं म्हणणं असं की सक्ती वगैरे राहू द्या, आधी जे रिपोर्ट आज होतायत ते लेबर रूमच्या टेबलापर्यंत पोचायची सोय करा. गरोदर बाईला जे माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळतं, आशाताई जे भरून घेतात, ते कार्ड मात्र बाळंतपणाला सोबत असतंच, कारण पुढे लसीकरणाला आणि पैसे मिळायला तेच लागतं. त्यावर रक्तगट असतो तसं पहिल्याच पानावर लाल पेनाने एक ओळ, ग्रुप बी आहे, कळांच्या वेळी पेनिसिलीन द्या, अमुक तारखेचा रिपोर्ट. याला ना जीआर लागतो ना बजेट. खाजगी डॉक्टरांनीही फाईलच्या कव्हरवर लिहावं, आत बाविसाव्या पानावर नको. आम्ही आमच्या लॅबपुरतं रिपोर्टच्या तळाला मराठीत दोन ओळी टाकायला सुरुवात केली आहे की हा आजार नाही, आत्ता गोळ्या नकोत, हा कागद बाळंतपणाला जवळ ठेवा. सुरुवातीला एका डॉक्टरांना आवडलं नाही, तुम्ही लॅबवाले सल्ले कशाला देता म्हणाले. मग त्यांनीच नंतर त्यातली वाक्यं सुधारून दिली.

आता सक्तीच्या विरोधात माझा खरा मुद्दा. आपल्याकडे पेटीत ठेवलेली बाळं कशाने आजारी असतात? दिल्लीच्या तीन मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, साडेतेरा हजार नवजात बाळांवर लक्ष ठेवलं होतं. त्यात सगळ्यात वर कोण, तर असिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. ग्रुप बी अगदी किरकोळ. आणि हे वरचे तिघे साध्या अँटिबायोटिकला दाद न देणारे, पेनिसिलीन तर त्यांच्या खिजगणतीतही नाही. आम्ही आमच्या छोट्या गावात ज्या ब्लड कल्चर बघतो त्यातही चित्र साधारण असंच दिसतं, क्लेबसिएला दिसला की आधी औषधांची यादी वाचायची भीती वाटते. त्या अभ्यासात बरीचशी बाळं पहिल्या तीन दिवसांतच आजारी पडली होती, म्हणजे हे जंतू एकतर आईकडून आले किंवा लेबर रूममधून, हातांतून, सक्शनच्या नळीतून, न धुतलेल्या ट्रेमधून. आईकडून येण्याचा भागही आता वाढतोय, कारण कुणाच्याही पोटात आज हट्टी जंतू असतात, वर्षानुवर्षं सर्दी-जुलाबाला अँटिबायोटिक खाऊन ते आपणच पाळलेत. भारतासह सात देशांत बार्नार्ड्स नावाचा अभ्यास झाला, आपल्याकडे कोलकात्यात, आईचा आणि बाळाचा दोघांचाही स्वॅब घेऊन, त्यात अँटिबायोटिकला निष्प्रभ करणारे जीन दोघांतही सापडले. बाळ जगात येऊन काही दिवसही नाहीत आणि पोटात हा वारसा. तेव्हा सातव्या महिन्यात दिलेला तो बिनकामाचा कोर्स मला का खटकतो ते लक्षात आलं असेल.

मग कुणी म्हणेल, तपासणीच नको, सगळ्याच बायकांना कळांच्या वेळी एक गोळी देऊन टाका. हा विचारही करून झालाय, आणि आपल्या नागपुरात झालाय! अझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस कळांच्या वेळी तोंडावाटे, सात देशांत २९ हजारांवर बायका, भारतातली दोन केंद्रं नागपूर आणि बेळगाव. २०२३ मध्ये निकाल आला. आईमध्ये सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर पसरून जिवावर बेतणं) किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आलं, ही चांगलीच गोष्ट. बाळांमध्ये मात्र काहीच फरक नाही. त्याच्याही आधी आफ्रिकेत गांबियामध्ये दिसलं होतं की या डोसने आईच्या आणि बाळाच्या अंगावरचे जंतू खरंच कमी होतात, ग्रुप बी पण आणि स्टॅफ नावाचा दुसरा जंतू पण. सगळ्यांना वाटलं झालं, सापडलं उत्तर. मग गांबिया आणि बुर्किना फासो मिळून सुमारे १२ हजार बायकांवर मोठी चाचणी घेतली तर बाळांचा सेप्सिस आणि मृत्यू जसाच्या तसा. माझ्यासारखीला, जिचा दिवस जंतू मोजण्यात जातो, हे वाचून जरा धक्काच बसला होता. स्वॅबवर जंतू कमी झाला म्हणजे बाळ वाचलं असं होत नाही.

उलट बाजूचाही एक अभ्यास आहे तो मला फार आवडतो. ओडिशाच्या खेड्यांमध्ये साडेचार हजार नवजात बाळांवर, जंतू मारायचे नाहीत तर चांगले जंतू द्यायचे, लॅक्टोबॅसिलस आणि सोबत त्याचं खाद्य, सात दिवस तोंडावाटे, आणि सेप्सिस किंवा मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, २०१७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं. म्हणजे लगेच मेडिकलमधून प्रोबायोटिकची पुडी आणून बाळाला चाटवू नका हं, ती बाळं निवडक होती, दिवस भरलेली, वजन बरं असलेली, आईचं दूध पिणारी, आणि तो ठरावीक जंतू होता. आणि हल्ली इंटरनेट बघून सिझर झालेल्या बाळाच्या तोंडाला आईच्या योनीतलं पाणी लावायचं जे फॅड आलंय त्याबद्दलही मला दोघींनी विचारलं. नका करू. अमेरिकेतल्या प्रसूतीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच संशोधनाबाहेर हे करू नये असं सांगितलंय, कारण त्या पाण्यात हाच ग्रुप बी असू शकतो. त्यापेक्षा बाळाला छातीशी धरा, पहिल्या तासात चीक पाजा, मधाचं बोट आणि गुळाचं पाणी बाजूला ठेवा. ग्रुप बी असलेल्या आईनेही अंगावरचं पाजायचंच, त्याला काही बंदी नाही.

अजून एक गोष्ट त्या पत्रात नव्हती. कळांच्या वेळचं इंजेक्शन पहिल्या आठवड्यातल्या आजारापासून वाचवतं. सातव्या दिवसानंतर तीन महिन्यांपर्यंत जो उशिरा येणारा ग्रुप बी असतो, त्यात मेंदूज्वर जास्त, त्याला हे इंजेक्शन अडवत नाही. म्हणजे तपासणी झाली, औषध मिळालं, तरी घरी आल्यावर बाळाकडे डोळे ठेवायलाच लागतात. बाळ दूध ओढेनासं झालं, नेहमीसारखं रडत नाही, लोळागोळा पडलंय, हातपाय गार लागतायत, ताप आहे, श्वास भराभर चाललाय म्हणजे मिनिटाला साठच्या वर, छाती आत ओढली जातेय, कण्हतंय, झटके येतायत, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, दृष्ट काढत बसायचं नाही. लहान बाळाला सेप्सिसमध्ये ताप येतोच असं नाही, उलट ते गार पडतं, हे आजीलोकांना सांगून ठेवा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हेच तर केलं, गावातल्या बाईलाच ही लक्षणं ओळखायला शिकवली, घरी जाऊन इंजेक्शन द्यायला शिकवलं, ३९ गावांत, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. १९९९ मध्ये लॅन्सेटने छापलं. तिथे कुठली प्लेट नव्हती, कुठला इन्क्युबेटर नव्हता. त्याच्यातूनच आशाताईंच्या घरभेटी देशभर आल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. तुमच्या घरी त्या येतात का, बाळाचं वजन करतात का, श्वास मोजतात का, ते आधी विचारा, आणि येत नसतील तर त्याचं पत्र लिहा, मी सही करते.

सरकारला एखादी तपासणी वाढवायचीच असेल तर लघवीचं कल्चर वाढवा. दर महिन्याच्या नऊ तारखेला जी गरोदर बायकांची तपासणी होते त्यात लघवीतली प्रथिनं आणि साखर बघतात, कल्चर नाही. काही त्रास नसताना लघवीत जंतू असणं शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांत सापडतं, बहुतेक वेळा ई. कोलाय, उपचार केला तर मूत्रपिंडापर्यंत जाणारा संसर्ग टळतो, आणि त्याच नमुन्यात ग्रुप बी असेल तर तोही हाती लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही कल्चरच करा म्हणते. अडचण एवढीच की नमुना दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे नाहीतर थंड ठेवला पाहिजे, प्राथमिक केंद्रातून दुपारच्या एसटीने आलेली कोमट बाटली आम्हाला नाकारावी लागते आणि आणणारा शिपाई आमच्यावरच चिडतो. तेव्हा लसीच्या थंड पेट्यांसोबत एक वेगळी थंड पेटी या बाटल्यांसाठी फिरली तर बरंच होईल. लस म्हटल्यावर आठवलं, ग्रुप बी वर गरोदरपणात द्यायच्या लशीचं काम चाललंय, दक्षिण आफ्रिकेत गरोदर बायकांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले, आशादायक आहेत. ती आली तर स्वॅबची ही सगळी भानगडच संपेल, पण ती येईपर्यंत लाल पेन वापरायला काय हरकत आहे.

आपली,
लॅबमध्ये काम करणारी एक वाचक, सांगली

ता. क. आधीच्या बाळाला ग्रुप बी चा आजार झाला असेल तर पुढच्या बाळंतपणात स्वॅब करत बसायची गरजच नाही, कळांच्या वेळी थेट इंजेक्शन देतात. फक्त ते आधीच्या बाळाचं तुम्हाला दवाखान्यात आपणहून सांगावं लागेल, कारण जुनी फाईल बहुतेक वेळा दुसऱ्याच दवाखान्यात असते.